फ्लॅटमध्ये टेबलावरच्या २५ वॅट ड्युअल-बँड सेटसाठी छोटा अँटेना कोणता घ्यावा?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी.

पुण्यात सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गच्चीवर पाइप उभारायला सोसायटीची परवानगी नाही. त्यामुळे जे करायचं ते खोलीत किंवा पूर्वेकडच्या बाल्कनीत. टेबलावर २५ वॅटचा ड्युअल-बँड मोबाइल सेट (गाडीत बसवतात तसला हॅम रेडिओ; व्हीएचएफ आणि यूएचएफ असे दोन बँड), १३.८ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) आणि शेजारी लॅपटॉप. सध्या चुंबकी तळाची पाव तरंगलांबीची व्हिप (काडीसारखा अँटेना) टेबलाशेजारीच पत्र्याच्या डब्यावर उभी आहे. पुढे बाल्कनीत नेता यावी म्हणून आरजी-५८ केबल (पातळ कोॲक्स: मधली तार आणि भोवती जाळी) जोड देऊन एकूण १५ मीटर झाली आहे, ती तूर्त वेटोळं करून मागे ठेवलीय.

एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा; १ म्हणजे उत्तम) १४५ मेगाहर्ट्झला १.३ आणि ४३५ ला १.५ दाखवतो. तरीही डोंगरावरचा रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारा सेट) स्पष्ट ऐकू येतो पण २५ वॅटवरही धड उघडत नाही. उघडलाच तर ऑडिओत खरखर आहे असं समोरचे सांगतात. पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबला की लॅपटॉपचा यूएसबी माउस बंद पडतो.

समोर चार पर्याय आहेत: व्हिपखाली मोठा पत्रा टाकणं, बाल्कनीत सव्वा ते दीड मीटरचा फायबरग्लासचा ड्युअल-बँड अँटेना लावणं, घरी ग्राउंड प्लेन (उभी काडी आणि तिच्या बुडाशी पसरलेल्या रेडियल काड्या) बनवणं, किंवा चपट्या फितीचा जे-पोल खिडकीत टांगणं. जास्त वापर दोन मीटर बँडचा (व्हीएचएफ, १४५ मेगाहर्ट्झ), यूएचएफ (४३५) अधूनमधून. कुठल्या वाटेने जावं?

कोॲक्सवाला

नमस्कार ओएम (ओल्ड मॅन, म्हणजे हॅम मित्रा). अँटेनाकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. रिपीटर ऐकू येतो पण उघडत नाही, याचं सगळ्यात साधं कारण टोन किंवा ऑफसेट चुकलेला असणं हे असतं. दोन मीटरला ऑफसेट (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या वारंवारतेतला फरक) उणे ६०० किलोहर्ट्झ आणि त्या रिपीटरचा सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा खालच्या पट्टीतला सूर), दोन्ही मेमरीत नीट बसलेत का ते बघा. तुमचा कधी कधी उघडतो म्हणजे टोन बहुधा बरोबर आहे, पण ही शंका आधी मिटलेली बरी.

आता मीटरचं. १.३ चा आकडा तुम्हाला दिलासा देतोय, पण त्या मीटरसमोर १५ मीटर आरजी-५८ आहे हे विसरू नका. आरजी-५८ चा लॉस १४५ ला १०० मीटरमागे साधारण २० डीबी आणि ४३५ ला ३७ च्या आसपास. म्हणजे तुमच्या १५ मीटरमध्ये व्हीएचएफला ३ डीबी गेले आणि यूएचएफला साडेपाच. २५ वॅटपैकी अँटेनापर्यंत व्हीएचएफला साडेबारा वॅट पोचतात, यूएचएफला जेमतेम ७.

परत येणारी पॉवरही त्याच केबलमधून येते, म्हणजे तिलाही तेवढाच मार बसतो. त्यामुळे सेटच्या बाजूला बसलेल्या मीटरला एसडब्ल्यूआर नेहमी खऱ्याहून चांगला दिसतो. अँटेनाच्या टोकाला ३ असेल तर तुमच्या मीटरला व्हीएचएफवर १.७ च्या आसपास दिसेल. यूएचएफला तर या केबलच्या टोकाला अँटेना जोडलाच नाही तरी मीटर १.८ च्या जवळ दाखवेल. म्हणून मोजायचं ते अँटेनाच्या पायाशी, हातभर केबल लावून. नॅनो-व्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) मिळाला तर उत्तम. ओपन, शॉर्ट आणि लोड या तिन्हींनी कॅलिब्रेट करा आणि तो जोडलेला असताना चुकूनही पीटीटी दाबू नका, लगेच जळतो. साधा मीटर वापरणार असाल तर तो १४० ते १५० आणि ४३० ते ४५० या पट्ट्यांसाठी बनलेला आहे का ते मागच्या लेबलवर वाचा. फक्त एचएफचा (३० मेगाहर्ट्झपर्यंतचा) मीटर इथे काहीही आकडा दाखवतो.

माउस बंद पडतो त्याचं कारण डबा आहे. पाव तरंगलांबीच्या व्हिपला खाली आरसा लागतो, आणि दोन मीटर बँडसाठी तो पत्रा व्हिपभोवती सगळीकडे ५० सेमी पसरलेला हवा, म्हणजे मीटरभर व्यासाचा. डबा त्यापुढे फार छोटा. मग अँटेना उरलेला अर्धा भाग कोॲक्सच्या जाळीतून शोधतो. जाळीच्या बाहेरच्या अंगाने आरएफ (रेडिओ सिग्नल) वाहत टेबलावर येतो, तिथून यूएसबी, माइकची वायर, एसएमपीएस, सगळ्यात शिरतो. ऑडिओतली खरखरही बहुधा त्याचीच. माइकमधून आरएफ आत गेला की असंच ऐकू येतं. पॉवर ५ वॅटवर आणून खरखर जाते का बघा. गेली तर निदान पक्कं.

मोठा पत्रा टाकलात तर माउस कदाचित वाचेल, पण अँटेना खोलीतच राहील आणि २५ वॅट तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. त्याला माझा सरळ नकार आहे. २५ वॅटला माणूस आणि अँटेना यांत किमान २ मीटर ठेवा. खोलीत वापरायचाच असेल तर ५ वॅटच्या वर जाऊ नका.

माझ्या मते क्रम असा: अँटेना बाल्कनीच्या बाहेर, सेट खिडकीजवळ, मध्ये जेमतेम ५ ते ६ मीटर आरजी-२१३ किंवा त्या जातीची जाड केबल. ६ मीटर आरजी-२१३ मध्ये व्हीएचएफला अर्धा डीबी जातो, यूएचएफला एक. एवढं केलंत की कुठलाही साधा अँटेना आजच्यापेक्षा कितीतरी पुढे जाईल.

दोन_मीटर

वरच्या सगळ्याला दुजोरा. आणि सव्वा मीटरच्या फायबरग्लासवर लगेच पैसे घालू नका.

रिपीटर डोंगरावर आहे, म्हणजे उंची त्याच्याकडे आधीच आहे. सिंहगडाचं उदाहरण घ्या: माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर, पुणे शहर सुमारे ५६०. म्हणजे शहराच्या वर ७५० मीटर. क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायचं तर उंचीच्या मीटरचं वर्गमूळ गुणिले ४.१२, म्हणजे ११० किमीच्या वर. एवढ्या उंचीवरच्या रिपीटरला शहरातला ५ वॅटचा हँडीही (हातातला छोटा सेट) सहज पोचतो, फक्त मध्ये आरसीसी नको. तुम्हाला गेन कमी पडत नाहीये, उघडं आकाश कमी पडतंय.

डायमंड एक्स-३० या अँटेनाचं उदाहरण घ्या: १.३ मीटर लांब, गेन दोन मीटरला ३ डीबीआय आणि यूएचएफला ५.५. एक्स-५० म्हणजे १.७ मीटर, ४.५ आणि ७.२. डीबीआय मोजताना नुसत्या डायपोललाच (अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या अँटेनाला) २.१५ मिळतात. म्हणजे एक्स-३० चा दोन मीटरवरचा फायदा घरच्या ग्राउंड प्लेनपेक्षा एक डीबीच्या आसपास; कानाला कळणारही नाही. यूएचएफला मात्र फरक खरा आहे. अधूनमधून वापर असेल तर आधी घरचा बनवा. आणि सव्वा मीटरच्या काठीवर ९ डीबीचा दावा करणारं काही दिसलं तर पुढे चला.

बनवायची रीत. चार भोकांचं पॅनेलवर बसणारं एसओ-२३९ सॉकेट, ३ मिमी जाडीचा पितळी ब्रेझिंग रॉड, चार एम-३ स्टेनलेस स्क्रू-नट आणि वॉशर. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सॉकेट मिळेल, रॉड वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात.

उभी काडी ५२ सेमी कापा, हे मुद्दाम जास्त आहे. शेवटी ती ४९ च्या आसपास येऊन थांबते. सॉकेटच्या मधल्या वाटीत टोक बसवा आणि झाळा. इथे २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, रॉड उष्णता ओढून घेतो आणि झाळ कोरडी बसते. ६० वॅटचा तरी हवा. रॉड आधी पॉलिश पेपरने घासून त्यावर झाळेचा हात फिरवून घ्या. सॉकेटमधलं इन्सुलेशन पांढरं टेफ्लॉनचं असेल तरच निवांत तापवा, साधं प्लास्टिक वितळून मधली पिन तिरपी होते.

चार रेडियल प्रत्येकी ५२ सेमी. टोकाला छोटा डोळा वाकवून स्क्रूने चार भोकांना आवळा आणि ४५ अंशांत खाली झुकवा. झुकवायचं कारण सौंदर्य नाही: रेडियल आडवे ठेवले तर इंपीडन्स (अँटेनाचा रोध) ३६ ओहमच्या आसपास राहतो आणि एसडब्ल्यूआर १.४ वरून खाली येत नाही. खाली वाकवत नेले की तो ५० कडे, म्हणजे केबलच्या इंपीडन्सकडे, सरकतो. मग अँटेना जिथे लावायचाय तिथेच ठेवून मोजा. काडी ५ मिमी कापली की रेझोनन्स (अँटेना ज्या वारंवारतेला जुळतो ती) साधारण दीड मेगाहर्ट्झ वर जातो, म्हणून एका वेळी २-३ मिमीच कापा. आपला बँड १४४ ते १४६ एवढाच आहे, १४५ ला तळ आणला की दोन्ही कडा १.५ च्या आत बसतात.

यूएचएफचं सांगून ठेवतो. ४९ सेमीची काडी ४३५ ला पाऊण तरंगलांबी होते, म्हणून मीटर तिथेही चांगला आकडा देतो. पण तेव्हा बराचसा सिग्नल तिरपा वर आभाळाकडे जातो. १५ किमीवरचा ७५० मीटर उंच डोंगर तुमच्या बाल्कनीतून फक्त ३ अंश वर दिसतो. जवळच्या गप्पांना ठीक, लांबच्या यूएचएफ रिपीटरला नाही. एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला असं नसतं. डमी लोडचा (पॉवर नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधकाचा) एसडब्ल्यूआर सगळ्यात सुंदर असतो.

गच्चीविना

जे-पोलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. ३०० ओहमची जुनी टीव्हीची चपटी फीत १४० सेमी घ्या. खालचं टोक शॉर्ट करा, तळापासून सुमारे ३ सेमीवर कोॲक्स जोडा, आणि ४१-४२ सेमीवर एका बाजूच्या तारेत अर्धा सेमीचा काप घ्या. ही मापं फितीचा वेग गुणक (फितीतल्या लहरीचा वेग प्रकाशाच्या तुलनेत) ०.८२ धरून आहेत, वेगळी फीत असेल तर बदलतील. मधली तार अखंड बाजूला, जाळी कापाच्या बाजूला. वरचं टोक छाटत १४५ ला आणा.

रेडियल लागत नाहीत, गुंडाळून पिशवीत जातो, प्रवासाला आणि आणीबाणीला याच्यासारखा दुसरा नाही. पण तुमच्या खिडकीला ॲल्युमिनियमची स्लायडिंग फ्रेम असणार. फ्रेमला चिकटवून टांगलात तर रेझोनन्स कुठल्या कुठे सरकतो. धातूपासून कमीत कमी ३० सेमी लांब, पडद्याच्या दांडीवरून मोकळा सोडा. तिसऱ्या हार्मोनिकवर (तिप्पट वारंवारतेला) यूएचएफला याचंही तेच, सिग्नल वर जातो. कायमचा म्हणून लावायला मीही ग्राउंड प्लेनच निवडेन.

चौथा_मजला

खूप आभार. टोन आणि ऑफसेट बरोबर आहेत. ५ वॅटवर खरखर गेली आणि माउसही चालू राहिला, त्यामुळे निदान पटलं. ग्राउंड प्लेन बनवतो.

दोन प्रश्न. बाल्कनीत नेमका कुठे आणि कसा बांधू? ग्रिल एमएसचं, रंगवलेलं आहे. आणि पुढे ४० मीटर बँडवरही (७ मेगाहर्ट्झ) यायचंय, त्यासाठी टेबलाशेजारी ठेवता येईल असा मॅग्नेटिक लूप (नळीच्या कड्याचा छोटा अँटेना) कितपत चालतो?

कोॲक्सवाला

जागा भोकं पाडायच्या आधी हँडीने शोधा. ५ वॅटवर बाल्कनीच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि मध्ये, हात बाहेर काढून रिपीटर उघडून बघा. एफएम सेटचा एस-मीटर थोड्याच सिग्नलला शेवटपर्यंत जातो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. पॉवर कमीत कमी करा आणि कुठे सर्वांत स्वच्छ उघडतो ते पाहा. भिंतींवरून परावर्तित झालेले सिग्नल एकमेकांत मिसळून बळकट आणि कमकुवत जागा तयार करतात, आणि त्या हातभर अंतराने बदलतात. त्यामुळे ३० सेमी इकडे-तिकडे करून पाहणं हा वेळेचा अपव्यय नाही. रिपीटर तुमच्या इमारतीच्या मागे, पश्चिमेला असेल तर समोरच्या उंच इमारतीवरून परावर्तन शोधा. काडी उभीच ठेवा. रिपीटरचा अँटेना उभा असतो, तुमचा आडवा झाला की २० डीबीपर्यंत नुकसान होतं.

ग्रिलपासून जितकं बाहेर तितकं चांगलं. किमान ५० सेमी, जमल्यास एक मीटर. २५ मिमीचा जीआय पाइप एल आकारात वाकवून किंवा कोपरा लावून ग्रिलच्या दोन आडव्या पट्ट्यांना दोन यू-क्लँपनी आवळा. एकाच क्लँपवर पाइप वाऱ्याने फिरतो. क्लँप आणि नट स्टेनलेस ३०४ चे घ्या, काळे बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात. जिथे ग्रिलचा रंग खरवडला जाईल तिथे झिंक प्रायमर मारा. आणि एक गोष्ट विसरायची नाही: अँटेना आणि पाइप दोन्हींना स्टेनलेसची स्वतंत्र तार बांधून तिचं दुसरं टोक ग्रिलला अडकवा. खाली माणसं चालतात, क्लँप सुटला तरी काठी लोंबकळली पाहिजे, पडता कामा नये. रेडियलच्या टोकांना डोळा वाकवा, उघडं टोक डोळ्यात जायला वेळ लागत नाही.

अँटेनाच्या अगदी खाली, कोॲक्सवर ४३ नंबर मटेरियलचे तीन-चार क्लिप-ऑन फेराइट (आरएफ अडवणारी कडी) एकाला एक लागून बसवा. भोक केबलला घट्ट बसणारं हवं. आरजी-२१३ ची जाडी १०.३ मिमी आहे, त्या मापाचे मागा. उरलासुरला आरएफ टेबलाकडे येतो तो इथे अडतो. एक फेराइट माउसच्या वायरलाही चालेल, पण तो शेवटचा उपाय.

आता पाऊस. पुण्यात अँटेना वाऱ्यापेक्षा जास्त पाण्याने मरतो, तेही जोडातून आत शिरलेल्या. पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) आवळल्यावर आधी स्वतःत मिसळून जाणारा रबरी टेप दुप्पट ताणत गुंडाळा, खालून वर, अर्धा थर अर्ध्यावर. त्यावर चांगला पीव्हीसी टेप, तोही खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे बसतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. नुसता पीव्हीसी टेप उन्हात चिकटपणा सोडतो. सॉकेटच्या वरच्या बाजूला, काडीच्या बुडाशी न्यूट्रल सिलिकॉन लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्या-पितळेला खातं, ते नको. पाणी शिरलं की आधी काही कळत नाही, एसडब्ल्यूआर उलट सुधारल्यासारखा दिसतो, कारण केबलचा लॉस वाढलेला असतो. दर पावसाळ्यानंतर टोकाला डमी लोड लावून पॉवर मोजा, ६ मीटरमध्ये अर्ध्या डीबीपेक्षा बरंच जास्त गेलं तर कनेक्टर कापून बघा. जाळी काळी पडलेली असेल तर तेवढी केबल टाकून द्या.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा जास्त. ढग गडगडायला लागले की कोॲक्स सेटपासून काढून बाल्कनीत ठेवा. मधल्या मजल्यावर थेट वीज पडण्याची शक्यता कमी असली तरी जवळ पडलेल्या विजेने सेटचा पुढचा भाग जातो.

दोन_मीटर

लूपबद्दल थोडक्यात. एक मीटर व्यासाच्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर लहरींत बदलणारा रोध) १४ मेगाहर्ट्झला सुमारे ०.०९ ओहम असतो, ७ ला फक्त ०.००६. त्या आकड्यापुढे तांब्याच्या नळीचा आणि कपॅसिटरच्या जोडांचा रेझिस्टन्स मोठा ठरतो, म्हणून ४० मीटरला बहुतेक पॉवर उष्णतेत जाते. २० मीटरला (१४ मेगाहर्ट्झ) मात्र तोच लूप बरा चालतो. सगळे जोड झाळलेले हवेत, स्क्रूने दाबलेले नाहीत, आणि कपॅसिटरला घासता संपर्क नको. बटरफ्लाय किंवा व्हॅक्यूम व्हेरिएबल घ्यावा.

१०-२० वॅटलाही कपॅसिटरवर हजारांत व्होल्ट येतात आणि लूपजवळ चुंबकीय क्षेत्र तीव्र असतं. त्यामुळे टेबलाशेजारी नाही, बाल्कनीत, ट्यूनिंग लांब दांडीने किंवा छोट्या मोटरने. बँडविड्थ इतकी अरुंद की १०-२० किलोहर्ट्झ सरकलात की पुन्हा ट्यून. ४० मीटरच हवं असेल तर बाल्कनीतून समोर कुठे १० मीटर तार ताणता येते का ते आधी बघा. टोकाला फीड केलेली तार आणि ट्यूनर त्या बँडवर या लूपच्या पुढेच राहील.

चौथा_मजला

समजलं, ४० मीटरचा विचार नंतर. शेवटचं: जाड आरजी-२१३ खिडकीतून आत कशी आणायची? स्लायडिंग खिडकी बंद होत नाही, आणि चपटी खिडकी-केबल म्हणून जी मिळते ती चालेल का?

गच्चीविना

ती चपटी केबल टाळा. पट्ट्यात दाबून बसली की इंपीडन्स बिघडतो, यूएचएफला तर नक्कीच, आणि खिडकीच्या घासण्याने काही महिन्यांत जाळी तुटते.

एसीच्या पाइपसाठी कोअर कटिंग केलेलं भोक असेल तर तिथूनच न्या, बहुतेक भोकांत जागा उरते. केबल कनेक्टर न लावता ओढा आणि आतल्या बाजूला पीएल-२५९ बसवा, म्हणजे ११-१२ मिमी जागाही पुरते. एसीचं भोक नसेल तर भिंतीत १२ मिमीचं नवं भोक, आतून बाहेर किंचित उतार देऊन, म्हणजे पाणी खोलीकडे येत नाही. बाहेर भोकाच्या खाली केबलला १० सेमीची झोळी ठेवा आणि मगच भोकात वर घ्या, पाणी झोळीच्या तळाशी टपकतं. वळण ठेवताना अर्धव्यास १० सेमीपेक्षा कमी करू नका, आरजी-२१३ घट्ट वाकवली की उन्हात मधली तार हळूहळू एका बाजूला सरकते. भोक न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. भोक पाडण्याआधी भिंतीत वायरिंगचा पाइप जातो का ते स्विचबोर्डाच्या रेषेवरून तपासा, आणि बीम-कॉलममध्ये ड्रिल घालू नका, विटांच्या भागातच घाला.

७३ (शुभेच्छा)